मामा, माझा एच तीनच आहे

रक्तकाच

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचनमात्र होतो. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी लॅब टेक्निशियन होतो, आता निवृत्त. नोकरीची बहुतेक वर्षं मलेरियाच्या काचा बघण्यात गेली. माझी भाची मलेरियाच्या परजीवीवर पीएचडी करते. गेल्या महिन्यात एका मुलाखतीला जाऊन आली आणि पडलेल्या चेहऱ्याने म्हणाली, "मामा, माझा एच तीनच आहे." मला वाटलं हिमोग्लोबिन. म्हटलं, अगं, मग तू उभी कशी आहेस?

ते हिमोग्लोबिन नव्हतं, एच-इंडेक्स होता. तिने कागदावर मांडून दाखवलं: तुमचे दहा पेपर असे असतील की प्रत्येकाचा निदान दहा ठिकाणी संदर्भ दिला गेलाय, तर तुमचा एच दहा. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली काढलेलं माप. हिचे पेपर पाच, पैकी तिघांना तीन किंवा जास्त सायटेशन. म्हणून तीन. मुलाखतीत कामाबद्दलचा प्रश्न म्हणे शेवटी आला, तोही चहा येईपर्यंत.

मग मलाच खाज सुटली. मलेरियातली मोठी माणसं या तराजूत कशी बसतात ते बघायला लागलो आणि पहिल्याच नावाला अडकलो. तू यूयू. २०१५ च्या वैद्यकाच्या नोबेलमधला अर्धा वाटा या बाईंचा. पीएचडी नाही, परदेशात शिक्षण नाही, चिनी विज्ञान अकादमीचं सदस्यत्व नाही. तिकडे त्यांना 'तीन नाहींच्या प्राध्यापक' म्हणायचे.

व्हिएतनामच्या जंगलात सैनिक मलेरियाने पडत होते आणि क्लोरोक्विन चालेनासं झालं होतं. चीनने २३ मे १९६७ ला गुप्त प्रकल्प सुरू केला, तारखेवरूनच नाव पडलं ५२३. तूबाई त्यात १९६९ मध्ये आल्या. छिंगहाव नावाच्या वनस्पतीचा अर्क कधी गुण द्यायचा, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या गे हाँगच्या ग्रंथातली एक ओळ त्यांनी पुन्हा वाचली: मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. यात उकळणं कुठेच नाही! आपणच उकळून औषध मारतोय की काय, असं वाटून त्यांनी ईथर वापरून कमी तापमानावर अर्क काढला. ४ ऑक्टोबर १९७१ ला १९१ नंबरच्या नमुन्याने उंदरांमधला परजीवी शंभर टक्के साफ केला. माणसांना देण्याआधी बाईंनी आणि दोन सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन बघितला.

आता गंमत बघा. या औषधाच्या (आर्टेमिसिनिन, चिनीत छिंगहावसू) रेणूची रचना सांगणारा पेपर १९७७ साली चिनी नियतकालिकात आला. लेखक कोण? 'छिंगहावसू संशोधन सहकार गट'. एकाही माणसाचं नाव नाही. त्या काळी तिकडे तशीच रीत. म्हणजे ज्या औषधाच्या एसीटी (मिश्र गोळ्यांच्या) किटा आज आपल्या आरोग्य केंद्राच्या कपाटात असतात, त्याच्या मूळ पेपरचं सायटेशन संगणकाने जमा करायचं कुणाच्या खात्यात?

तर प्रश्न असा की हे सायटेशन नेमकं मोजतं काय?

---

पिंपळपान

हिमोग्लोबिन!! ऑफिसात मोठ्याने हसलो, साहेबांनी मान वर करून बघितलं.

धागा वाचनखुणेत.

---

खजिनदार

ग्रंथालयात उभी हयात गेली, म्हणून चार शब्द लिहितो.

सायटेशनच्या हिशेबाला 'गुणवत्ता' हे नाव नंतर चिकटलं. युजीन गारफिल्डने १९५५ साली ही कल्पना मांडली ती माग काढण्यासाठी. एखाद्या जुन्या पेपरवर पुढे कोणी काय म्हटलं, कोणी तो खोडला का, हे शोधायची सोय. १९६४ मध्ये त्याची सूची छापील खंडांत येऊ लागली. डोळ्यांवर भिंग धरून वाचावी लागेल अशी बारीक अक्षरं. वाटसरूसाठी लावलेल्या मैलाच्या दगडावरून आता लोक वाटसरूची किंमत ठरवतात, त्याला गारफिल्ड काय करणार?

दुसरं, भाचीला विचारा की 'तीन' कुठला. गुगल स्कॉलर प्रबंध, अहवाल, परिषदांचे कागद, सगळं उचलतं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स आपापल्या यादीतली नियतकालिकंच धरतात. एकाच माणसाचे तीन ठिकाणी तीन आकडे येतात आणि मुलाखतीला जाताना प्रत्येक जण त्यातला सगळ्यात गुबगुबीत घेऊन जातो.

तिसरं. तूबाईंचं उदाहरण टोकाचं आहे. नियम मोडणारा एक नोबेलवाला दाखवून माप मोडीत निघत नाही.

---

रक्तकाच

@खजिनदार, स्कोपसवर तीन, गुगलवर पाच. बावळट मुलगी खरं बोलून आली.

---

नाममात्र

खात्याचा विषय निघालाय तर माझी कर्मकथा. (क्षेत्र कीटकशास्त्र, डासच.)

पहिले चार पेपर माहेरच्या नावाने. लग्नानंतर कागदपत्रांच्या भानगडीत नाव बदललं, पुढचे सगळे सासरच्या नावाने. त्यात एका नियतकालिकाने वडिलांचं नाव आडनाव समजून छापलं. वर्षानुवर्षं मी संगणकाच्या लेखी तीन वेगवेगळ्या बायका होते आणि तिघीही सुमार. ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा कायमचा ओळखक्रमांक) काढला, जुने पेपर एकेक करून त्यात ओढले, तेव्हा कुठे आम्ही तिघी एकत्र नांदायला लागलो. एच एका रात्रीत चारने वाढला. त्या रात्री मी कुठलाही शोध लावलेला नव्हता, कुकर लावला होता.

भाचीला सांगा, एकच नाव, एकच स्पेलिंग, पहिल्या पेपरपासून.

---

पिंपळपान

कुकर. +१

---

कोरा कागद

संख्याशास्त्रवाला आहे. मलेरियाचं नाव निघालं आणि डासात मलेरियाचा परजीवी शोधणाऱ्या रोनाल्ड रॉसला अजून कोणी आणलं नाही, याचंच नवल.

सिकंदराबादची गोष्ट सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे. २० ऑगस्ट १८९७, हुसेन खान नावाचा रुग्ण, त्याला चावणाऱ्या डासामागे एक आणा, आणि डासाच्या पोटाच्या भिंतीत काळे कण असलेल्या पेशी, म्हणजे मलेरियाचा परजीवी. तो पेपर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्याचं शीर्षकच सांगतं की या पेशी 'दोन डासांमध्ये' सापडल्या. दोन! आज हा पेपर पाठवला तर परीक्षक पहिल्या ओळीत लिहील, नमुन्याचा आकार वाढवा. पुढच्या वर्षी कलकत्त्यात रॉसने पक्ष्यांच्या मलेरियावर काम करून परजीवी डासाच्या लाळग्रंथीपर्यंत गाठला, १९०२ ला नोबेल. इटलीच्या ग्रासीशी श्रेयावरून भांडण मात्र जन्मभर पुरलं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. नोबेलनंतर हा माणूस गणिताकडे वळला. १९११ च्या पुस्तकात त्याने समीकरणं मांडून दाखवलं की मलेरिया घालवायला शेवटचा डास मारायची गरज नाही. डासांचं माणसांशी असलेलं प्रमाण एका मर्यादेखाली आणलं की रोग आपोआप विझत जातो. पुढे हिल्डा हडसन या गणितज्ञ बाईंबरोबर साथींच्या गणितावर आणखी पेपर. डॉक्टरांना गणित कळेना आणि गणितज्ञांना डासात रस नाही, त्यामुळे हे काम कितीतरी वर्षं तसंच पडून. १९५० च्या दशकात मॅकडोनाल्ड या मलेरियातज्ज्ञाने ते उचललं आणि एक नेमकी गोष्ट दाखवली. परजीवीला डासाच्या पोटात तयार व्हायला दहाएक दिवस लागतात, म्हणजे म्हातारे डासच धोक्याचे. अळ्या मारून डास कमी होतात, पण भिंतीवर फवारणी करून डासाचं आयुष्य कापलं तर परिणाम कितीतरी पट मोठा. आर-नॉट (एका रुग्णाकडून सरासरी किती जणांना लागण होते तो आकडा) हा शब्द कोविडच्या वेळी टीव्हीवरच्या प्रत्येक अँकरच्या तोंडी होता, त्याच्या वंशावळीत हे दोघे बसतात.

आता रॉसच्या या कामाचं सायटेशन १९२० साली मोजलं असतं तर?

---

खजिनदार

तर कमी आलं असतं आणि तेव्हापुरतं ते बरोबरही असतं, कारण तेव्हा ते कोणी वापरत नव्हतं. उशिरा जाग्या होणाऱ्या पेपरांना आमच्याकडे 'निद्रिस्त सुंदरी' म्हणतात. पण नेमणूक समितीने काय, सुंदरी जागी होईपर्यंत जागा रिकामी ठेवायची?

---

तिरफळ

निद्रिस्त सुंदरीवरून आठवलं. अचलपूरच्या कोणाला माहीत आहे का, की आपल्या शहरी मलेरियाच्या डासाचं बारसं त्यांच्याकडचं आहे?

अ‍ॅनोफेलिस स्टेफेन्सी. वऱ्हाडात एलिचपूरला, म्हणजे आताच्या अचलपूरला, लिस्टन नावाचा लष्करी डॉक्टर होता. त्याने तिथल्या अ‍ॅनोफेलिस डासांच्या सवयी वर्षभर पाहिल्या आणि १९०१ साली या जातीचं वर्णन छापलं. (हाच लिस्टन पुढे मुंबईत प्लेग आणि पिसवांच्या कामात दिसतो.) हा डास शहरात रमणारा. विहीर, हौद, गच्चीवरची टाकी, बांधकामावर क्युरिंगचं साचलेलं पाणी, काहीही चालतं. आमच्या गोव्यात बांधकामाच्या साइटवर मलेरियावाले टॉर्च घेऊन फिरतात ते याच्याच अळ्यांसाठी. मुंबईत १९११ साली बेंटलेने आणि १९२८ साली कोव्हेलने यावर अख्खे अहवाल लिहिले. विहिरी झाका म्हटल्यावर लोक किती चिडले असतील याची कल्पना करा, विहिरीत देव असतो.

हे अहवाल सरकारी छापखान्यातले. ना डीओआय (लेखाचा संगणकी क्रमांक), ना इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकाचं सायटेशनवरून ठरणारं वजन). आणि २०१२ साली हाच डास आफ्रिकेत जिबूतीला सापडला, मग इथिओपियात, सुदानात. तिकडचा मलेरिया म्हणजे खेड्यातला आजार, शहरं त्यामानाने बचावलेली. आता शहरातच राहणारा डास आला म्हटल्यावर जागतिक आरोग्य संघटनेला २०२२ मध्ये त्याच्यासाठी खास मोहीम काढावी लागली. झाकणबंद टाकी, विहिरीत सोडलेले मासे, पालिकेचा निरीक्षक, हे सगळं मुंबईने शंभर वर्षांपूर्वी करून बघितलेलं आहे.

आणखी एक मजा. शास्त्रीय लेखात डासाचं नाव पूर्ण लिहितात तेव्हा पुढे 'लिस्टन' असं लिहायची पद्धत आहे. म्हणजे नाव हजारो पेपरांत, पण खाली संदर्भसूचीत तो पेपर बहुतेक वेळा नसतोच. सायटेशन शून्य.

---

नाममात्र

@तिरफळ, मी स्वतः 'स्टेफेन्सी लिस्टन' असं किती वेळा लिहिलंय आणि तो पेपर एकदाही संदर्भात दिलेला नाही. ओशाळले.

---

राउंडवरून

फिजिशियन. ड्युटीवर आहे, तुटक लिहितो.

इथे सायटेशनला झोडपणं चाललंय म्हणून दुसरी बाजू. सेरेब्रल (मेंदूपर्यंत गेलेल्या) मलेरियाच्या रुग्णाला क्विनिन द्यायचो ते दिवस आठवतात. सलाइनमधून चार चार तास, मध्येच रक्तातली साखर घसरायची, सिस्टर दर थोड्या वेळाने बोट टोचायची. २००५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी आली. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया, म्यानमार मिळून १४६१ रुग्ण. क्विनिनवाल्यांत मृत्यू २२ टक्के, आर्टेसुनेटवाल्यांत १५. आर्टेसुनेट म्हणजे तूबाईंच्याच औषधाचं पुढचं रूप, शिरेत सरळ टोचता येतं. मग २०१० मध्ये आफ्रिकेतल्या ५४२५ मुलांवर तशीच चाचणी. १०.९ विरुद्ध ८.५ टक्के. त्यानंतर मुलांसाठीसुद्धा क्विनिन मागे पडलं.

हे दोन्ही पेपर भरपूर साइट झालेले आहेत आणि व्हायलाच हवेत. बँकॉकचा निकोलस व्हाइट आणि त्याच्या गटाचे आकडे बघून कोणाला असूया वाटत असेल तर वाटो. २००९ मध्ये कंबोडियाच्या पैलिन भागात आर्टेसुनेटला परजीवी उशिरा दाद देतो, हेही त्याच गटाने दाखवलं.

फक्त एक. माझ्या वॉर्डातला रेसिडेंट आर्टेसुनेट देताना लॅन्सेट उघडत नाही, भिंतीवरचा तक्ता बघतो. त्या तक्त्यावर कोणाचंच नाव नाही. आलो, बोलावताहेत.

---

अडाणी आजोबा

सगळं वाचलं, निम्मं कळलं. एक शंका. त्या चिनी पेपरवर नाव नव्हतं, ते चूक कसं? काम गटाने केलं, नाव गटाचं. आमच्या गावच्या तालमीत ढोल कोणी किती वाजवला याची वही नसते.

---

कोरा कागद

आजोबांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. प्रकल्प ५२३ मध्ये साठ-एक संस्था आणि पाचशेहून जास्त माणसं होती. ईथरचा अर्क तूबाईंच्या गटाचा, पण युनान आणि शांतुंगच्या गटांनीही आपापल्या भागातल्या वनस्पतीतून शुद्ध द्रव्य काढलं होतं. गंभीर रुग्णांवरच्या चाचण्या ली गुओछियाओंच्या हाताखाली झाल्या. तूबाईंच्या स्वतःच्या पहिल्या गोळ्यांनी दगा दिला होता, कारण गोळी इतकी कडक दाबलेली की पोटात विरघळेचना. कॅप्सूल केल्यावर गुण आला. नोबेल एकटीला मिळाल्यावर चीनमध्ये कुरबुर झाली ती यामुळे.

---

रक्तकाच

आजोबा, मला इतके दिवस हेच कुरतडत होतं. म्हणून तूबाईंचं नाव अखेर बाहेर आलं कसं, ते शोधून वाचलं.

लुई मिलर नावाचे अमेरिकेतले मलेरियातज्ज्ञ शांघायच्या एका बैठकीत होते. त्यांनी सहज विचारलं, आर्टेमिसिनिन शोधलं कोणी? त्या खोलीत कोणालाच सांगता येईना. सगळेच मलेरियावाले! मग मिलर आणि त्यांचे सहकारी शिनझुआन सू जुनी पत्रं, हस्तलिखित वह्या, बैठकांची टिपणं उकरायला लागले. त्यात त्यांना दिसलं की मार्च १९७२ मध्ये नानजिंगच्या बैठकीत आपल्या अर्काचे निष्कर्ष पहिल्यांदा मांडले ते तू यूयूंनी. ते त्यांनी २०११ मध्ये लिहिलं, त्याच वर्षी तूबाईंना लास्कर पारितोषिक आणि चार वर्षांनी नोबेल.

खजिनदारसाहेब, इथे तुमच्या एकाही सूचीचा उपयोग झाला नाही बघा. बैठकीचं इतिवृत्त कामाला आलं. इतिवृत्त लिहिणाऱ्या त्या कारकुनाचं नाव मात्र मला कुठे सापडलं नाही.

---

खजिनदार

मान्य. पण ती इतिवृत्तं कोणीतरी जपून ठेवली होती. आमच्याच जातकुळीतलं कोणीतरी.

---

नाममात्र

भाची परजीवी वाढवते म्हणजे ट्रेगर आणि जेन्सनचं मीठ खातेच. १९७६ सालचा 'सायन्स' नियतकालिकातला जेमतेम तीन पानांचा पेपर. तोवर फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात घातक परजीवी, माणसाबाहेर सलग टिकतच नव्हता. यांनी काय केलं? काचेच्या डेसिकेटरमध्ये बश्या ठेवल्या, आत मेणबत्ती लावली, झाकण सरकवलं आणि मेणबत्ती विझायची वाट बघितली. विझली की आत ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त. परजीवीला तेच मानवतं. आमच्या जुन्या लॅबमध्ये गॅस सिलिंडर संपला की अजून देवघरातली मेणबत्ती यायची. या पेपरची सायटेशन हजारोंच्या घरात आहेत. पण समजा ट्रेगरने जन्मात तेवढा एकच पेपर लिहिला असता, तर एच-इंडेक्स किती आला असता? एक!

---

पिंपळपान

म्हणजे भाची तिप्पट पुढे. पेढे.

---

रक्तकाच

तिला वाचून दाखवलं, पहिल्यांदा हसली. आता माझं गाऱ्हाणं सांगून थांबतो.

जगभर मलेरियाची काच गिम्साने रंगवतात. गिम्सा हे रसायनतज्ज्ञाचं आडनाव, आता कोणालाही बाटलीच आठवते. पण आपल्या सरकारी दवाखान्यांत चालतो तो जेएसबी. जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी, दिल्लीची मलेरिया संस्था, १९४४. युद्धाचा काळ, काचांचे ढीग, तेव्हा यांनी पाण्यात विरघळणारा, स्वस्त आणि मिनिटाच्या आत काम उरकणारा रंग बसवला. बाटलीत काच बुचकळा, धुवा, दुसऱ्या बाटलीत बुचकळा, वाळवा, तेलाचा थेंब टाका. निळा पेशीरस, त्यात लाल ठिपका, अंगठी दिसली की पीएफ (फाल्सिपेरम). निगेटिव्ह लिहायच्या आधी शंभर क्षेत्रं बघायची. देशात १९५३ ला हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा वर्षाला साडेसात कोटी रुग्ण धरले जात होते, १९६५ पर्यंत ते लाखावर आले. त्या सगळ्या हिशेबातली कितीतरी पॉझिटिव्ह काच याच दोन बाटल्यांतून गेलेली. मी स्वतः किती रंगवल्या त्याची मोजदाद नाही. आणि जेएसबी म्हणजे दोन माणसं, हे मला निवृत्तीच्या वर्षी कळलं.

भाचीच्या प्रबंधात गडचिरोलीहून आलेल्या काचांचा भाग आहे. त्या जेएसबीतच रंगवलेल्या. मी म्हटलं, १९४४ चा तो पेपर संदर्भात टाक. ती म्हणाली, मामा, रंगाला कोण संदर्भ देतं? रात्री बघितलं तर टाकला होता.

---

खजिनदार

प्रबंधातला संदर्भ स्कोपस धरत नाही. गुगल धरेल.

---

राउंडवरून

परत आलो. रक्तकाच, एक विचारू? आमच्याकडे नवीन मुलगा रुजू झालाय, त्याच्या जेएसबीच्या काचा नुसत्या निळ्याभोर येतात. तो एक नंबरच्या बाटलीत आधी बुचकळतो आणि दोन नंबरच्या नंतर.

---

रक्तकाच

उलटं. दोन नंबर आधी, तो इओसिन (लाल रंग), एक-दोन सेकंद पुरे. मग धुऊन एक नंबर, तीस-चाळीस सेकंद. आकडे बघून सगळेच फसतात, मीसुद्धा पहिला आठवडा तेच केलं होतं. आणि धुवायचं पाणी बफरचं घ्यायला सांगा, नळाचं नको.